फाटकापर्यंत पोचणारा आवाज

सायलेन्सर फोडून गाड्या पळवणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत. मनातल्या मनात नाही, चांगली काच खाली करून. नगरमध्ये सावेडीच्या सिग्नलला एकाला मी विचारलं होतं, "घरी कुणी ऐकत नाही का रे तुझं, म्हणून रस्त्यावर ओरडत फिरतोस?" तो बिचारा सिग्नल सुटायच्या आत निघून गेला. अशी माझी ख्याती. आणि तीच मी, पन्नाशीला टेकलेली, सरकारी नोकरीतली बाई, एका शनिवारी सकाळी नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजपुढे उभी राहून म्हणाले, "माझ्या गाडीचा आवाज वाढवून द्या."

गॅरेजवाल्याला वाटलं, बाईची जीभ घसरली. "कमी करून ना, मॅडम?"

"वाढवून. कानात काय बोळे घातलेत का?"

हे माझ्या तोंडून निघालं आणि माझं मलाच कसंतरी झालं. कारण सगळा मामला कानांचाच होता. त्याच्या नाही, आमच्या अण्णांच्या.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचा सगळा जन्म एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये फिटर म्हणून गेला. पत्र्यावर प्रेस पडायचा, धाड, धाड, दिवसभर. कानात घालायला तेव्हा जुन्या उशीतला कापूस. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी कान जायला लागले. पण गंमत अशी, की सगळं एकदम गेलं नाही. बारीक आवाज आधी गेले. कुकरची शिट्टी गेली, दारावरची बेल गेली, मोबाईलची रिंग गेली. जाड आवाज मात्र राहिले. उसाचा ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी आला की अण्णा घरातून सांगणार, "दोन ट्रॉल्या हायेत." पाण्याचा टँकर, लष्कराच्या मोठ्या गाड्या, सगळं कळायचं. माझा आवाज कळायचा नाही. आमच्या साहेबांच्या कानठळ्या बसवणारा माझा आवाज घरात फुकट. तोंडासमोर उभं राहून मोठ्यानं बोललं, तर ओठ बघून थोडंफार कळायचं.

डॉक्टरांनी मशीन दिलं. अण्णांनी दोन दिवस लावलं, तिसऱ्या दिवशी कपाटात ठेवलं. "भांडं वाजलं तरी डोक्यात खिळा मारल्यागत हुतंय," म्हणाले. मी भांडले. भांडून काय उपयोग, त्यांना ऐकूच येत नव्हतं.

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझी नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत, गावोगाव जाऊन पिण्याच्या पाण्याचे नमुने आणायचे. आज पारनेर, उद्या पार अकोले तालुक्याच्या डोंगरात. स्वतःच्या गाडीनं जाते. घरी यायची वेळ चारही असते आणि सातही असते. आणि मी घरी आले की फाटक अण्णांनी उघडायचं, हा आमच्या घरातला कायदा.

कायदाच म्हणायचा. दोन दारांचं ते लोखंडी फाटक अण्णांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलं. सुट्टीच्या दिवशी, शेजाऱ्याकडून मशीन आणून. आणि पहिल्या दिवसापासून ठरवून टाकलं, की आपल्या माणसानं आपल्या फाटकाबाहेर ताटकळायचं नाही. मी स्कूटरवर होते तेव्हापासून गल्लीच्या वळणावर माझी गाडी वळली की ते आतून निघायचे, आणि मी पोचेपर्यंत दोन्ही दारं सताड उघडी. एकदा मी चिडून म्हटलंसुद्धा, "अण्णा, मला हात आहेत की."

ते फाटकाला रंग देत होते. ब्रश चालूच ठेवून त्यांनी सांगितलं, की ते लहान असताना त्यांच्या वडलांना गावात मोठ्या घरांच्या फाटकाबाहेर उभं राहून हाक मारावी लागायची. फाटकाला हात लावायचा नाही. आतून कुणी येईल तेव्हा येईल, तोवर उन्हात थांबायचं. बोट धरून हे सोबत असायचे. "लई वेळ थांबायला लागायचं," एवढंच म्हणाले आणि ब्रश डब्यात बुडवला. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मी पुन्हा कधी स्वतः फाटक उघडलं नाही.

तर एका चैत्रातल्या दुपारी मी आले आणि फाटक बंद. आधी वाटलं झोपले असतील. हॉर्न दिला. पुन्हा दिला. पण तो पडला बारीक आवाजाचा, अण्णांना कुठून ऐकू येणार? मी उतरून उघडणारच होते, तेवढ्यात समोरच्या काकू धावत आल्या आणि त्यांनी कडी काढली. नेमके तेव्हाच अण्णा दारात आले. माझ्याकडे बघितलं, काकूंच्या हातातल्या कडीकडे बघितलं. त्या दिवशी जेवले अर्धंच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फाटकाशी खुर्ची टाकली. दुपारी तीन वाजता जाऊन बसायचे ते मी येईपर्यंत. नगरचं ऊन काय असतं ते नगरकरांना सांगायला नको. टोपीवर ओला पंचा टाकून हा माणूस चारचार तास रस्त्याकडे डोळे लावून बसलेला. उठायला लागू नये म्हणून पाणी पीत नसत, हे मला काकूंनी सांगितलं. मी म्हटलं, फाटक उघडं ठेवून जाते. तर म्हणे गल्लीतल्या शेळ्या आत येतील. ड्रमांत लावलेली वांगी, कढीपत्ता, जास्वंद हा त्यांचा जीव की प्राण. एका संध्याकाळी मी आले तर अण्णा फाटकाला धरून उभे, आणि पाय लटलटत होते. घेरी आली होती. तरी कडी काढली हो त्यांनी! आधी कडी काढली, मग खाली बसले.

त्या रात्री मला एवढं कळलं, की अण्णांना खुर्चीवरून उठवायचं असेल तर माझी गाडी त्यांना घरात ऐकू आली पाहिजे. बाकी सगळे उपाय करून झाले होते.

म्हणून ते गॅरेज. बाहेर भिंतीवर नाना तऱ्हेचे सायलेन्सर टांगलेले, चकचकीत तोंडांचे, एकाला दोन तोंडं, एक तर निळसर जांभळा. गॅरेजवाला पस्तिशीचा, पोट सुटलेला, बोलायला गोड. सगळं ऐकून घेतल्यावर त्याचा चेहरा बदलला. स्टूल पुसून दिलं. म्हणाला, "म्हणजे काकांना जाड आवाज पोचतो, बारीक पोचत न्हाई. असं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच आलंय, ताई." मॅडमची ताई झाले.

मग त्यानं माझा वर्गच घेतला. हे चकचकीत तोंड म्हणजे नुसता नट्टापट्टा, त्यानं आवाजात काडीचा फरक पडत नाही. मूळ सायलेन्सर काढून सरळ पाईप टाकला, तर आवाज येईल पण फाटका येईल, शिवाय गाडीची ओढ जाईल. "घाटात रडंल तुमची गाडी. अकोल्याला जाता ना?" आवाज जाड करायचा तर लांब आणि पोटाचा डबा हवा, त्यात तो घुमतो. धूर साफ करणाऱ्या भागाला हात लावायचा नाही, तो पुढे आहे तसा राहू दे.

"पण दिवसभर असली गाडी घेऊन मी सरकारी कामाला जाऊ? लोक काय शेण घालतील तोंडात! आणि कायद्यात तरी बसतं का हे?"

"न्हाई बसत," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग डोकं खाजवून त्यानं तोड काढली. मूळ सायलेन्सर जागेवर ठेवायचा. त्याच्या आधी पाईपला एक फाटा काढायचा, फाट्यावर झडप आणि पुढे पोटाचा डबा. झडपेची तार माझ्या सीटपाशी. तार ओढली की आवाज, सोडली की गाडी गरीब गाय. गल्लीच्या वळणापासून फाटकापर्यंतच ओढायची. कायद्यात हेही बसत नव्हतंच. मला ते माहीत होतं आणि तरी मी मान डोलावली, हे इथे लिहून ठेवते.

डबा निवडायला मात्र पूर्ण सकाळ गेली. अण्णांना काय ऐकू येतं हे मला कसं कळणार? शेवटी मी दोन्ही कानांत कापूस कोंबला, वर तळहात दाबले आणि रस्त्यापलीकडे एका बंद शेडच्या मागे जाऊन उभी राहिले. तो एकेक डबा लावून गाडी चालू करायचा. पहिला डबा मला ऐकूच आला नाही. दुसरा ऐकू आला, पण पत्रा खडखडल्यासारखा. येणारे-जाणारे कामगार बघत होते, ही कोण वेडी भिंतीला तोंड करून कान धरून उभी आहे! एकानं गाडी थांबवून विचारलं, "शिक्षा केली का कुनी?" मी त्याला काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या डब्याचा आवाज मात्र कानांत आलाच नाही, आधी पायांत आला आणि मग पोटात. घूं करून, भरीव. मी कापूस काढत धावत पलीकडे गेले. "हाच!" गॅरेजवाला इतका खूश झाला की त्यानं चहा सांगितला.

सोमवारी संध्याकाळी गल्लीच्या वळणावर मी तार ओढली. सकाळी अण्णांना दम भरून ठेवला होता, की आज खुर्ची टाकलीत तर मी जेवणार नाही. फाटकाशी खुर्ची नव्हती. मी हळूहळू पुढे आले. वीस पावलं राहिली असतील आणि फाटकाचं एक दार हललं. मग दुसरं. अण्णा! हातात चहाचं गाळणं तसंच. "आलीस?" म्हणाले, जसं काही झालंच नव्हतं. मी गाडीत बसून वेड्यासारखी हसत होते.

दोन-तीन आठवडे फार सुखाचे गेले. अण्णा घरात पंख्याखाली, आणि मी आले की फाटक उघडं. काकूंच्या घरात तान्हं नातवंड होतं, ते एकदोनदा दचकून उठलं. काकू बोलल्या, पण कारण सांगितल्यावर म्हणाल्या, "असू दे गं, सवय हुईल त्याला."

अण्णांना मात्र मी कारण सांगितलं नाही. कसं सांगणार? तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून गाडीला भोंगा बसवला, असं? त्यापेक्षा त्यांना वाटू दे, की कान जरा सुधारले.

पण अण्णा पडले फिटर. चौथ्या-पाचव्या दिवशीच म्हणाले, "बाई, तुझा सायलेन्सर फुटलाय." मी म्हटलं, बघते. दोन दिवसांनी पुन्हा, "दाखवलास का?" रविवारी त्यांना बुद्धविहारात घेऊन गेले तेव्हा तार सोडलेली, गाडी गप्प. अण्णा गाडीला कान लावून लावून बघत होते. कोड्यात पडले. मग त्यांनी निदान काढलं, "लांबून आलीस की पाईप तापतो आन् चीर उघडती. गार असली की बसती." इतकं बिनतोड, की मलाच क्षणभर खरं वाटलं. प्रेसशॉपच्या फिटरची पोरगी फुटका सायलेन्सर घेऊन गावभर फिरते, ही त्यांना स्वतःची नाचक्की वाटत होती. जेवताना, झोपताना तोच विषय.

त्यातच मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला नाशिकला जावं लागलं. एसटीनं गेले, गाडी घरी.

परत आले तर अंगणात वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर झडप, तार आणि तो पोटाचा डबा, पुसून ओळीत मांडलेला. शेजारी अण्णा उभे, बनियनला काळं, चेहऱ्यावर काय तेज! चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पोतं अंथरून गाडीखाली शिरला होता. फाटा कापला, भोकावर पत्रा बसवून वेल्डिंग मारलं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायलाही विसरले नव्हते. मी वाकून बघितलं, टाका असा सुबक की त्या गॅरेजवाल्यानं शिकून घ्यावा.

"तुला गंडवलंय त्यानं," अण्णा म्हणाले. "टवाळ पोरांचं खेळणं तुझ्या गाडीला बसवून दिलं. बाईमानूस बघितली आन् बसवलं. उद्या हे सगळं घेऊन जाऊ, जाब इचारू. आता चालू कर, बघ."

मी गाडी चालू केली. गाडी पूर्वीसारखी, नेहमीच्या साध्या आवाजात चालू झाली. अण्णा बॉनेटशी वाकले. मग माझ्याकडे बघून हसले. "केली का चालू? बघ. अजिबात आवाज न्हाई!"

माझं डोकंच फिरलं. दोन दिवसांचा प्रवास, तीनचार तास चाललेली एसटी, आणि हा माणूस एवढा आनंदात. मी गाडीतून उतरले आणि ओरडले. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडले की रागानं ओरडले, मला आजही सांगता येणार नाही. "तुम्हाला ऐकू यावं म्हणून बसवलं होतं ते! मी आलेली तुम्हाला कळावं म्हणून! उन्हात बसून मरायला निघाला होतात, म्हणून मी शोधून शोधून बसवलं होतं!"

समोर काकू ओट्यावर आल्या आणि परत आत गेल्या.

अण्णांना ऐकू आलं होतं. सगळं. ते वर्तमानपत्रापाशी उकिडवे बसले, डबा हातात घेऊन उलटापालटा करून बघू लागले. एखादा सुटा भाग तपासावा तसा.

"मंग मला सांगायचं न्हाईस व्हय," शेवटी म्हणाले.

मी म्हटलं, चुकलं. उद्या परत बसवून आणते.

"न्हाई." डबा खाली ठेवला. "असल्याच आवाजानं माजं कान गेलं, बाई. तू तोच इकत घिऊन घरी आनलास, माझ्यासाठी. समोरच्या लेकराचं कान कवळं हायेत. न्हाई बसवायचं."

आम्ही दोघांनी मिळून तो डबा पोत्यात भरून माळ्यावर टाकला. रात्री मला पिठलं वाढताना त्यांनी दोनदा विचारलं, तिखट झालं का. मी दोनदा छान झालंय म्हणून मान हलवली. मनात मात्र एकच, उद्यापासून पुन्हा ती खुर्ची.

दुसऱ्या दिवशी अकोल्याचा दौरा होता. भंडारदऱ्याच्या बाजूच्या वाड्यांचे नमुने घेऊन निघेपर्यंत उशीर झाला. सगळ्या वाटेत जीव टांगणीला. ऊन कडक होतं. अण्णा तीन वाजल्यापासून बसले असतील. पाणीही प्यायले नसतील. गल्लीच्या वळणावर माझा हात सवयीनं तारेकडे गेला आणि रिकामा परत आला.

खुर्ची नव्हती. फाटकही नव्हतं.

मी गाडी थांबवून बघत राहिले. दोन्ही खांबांवर नुसत्या बिजागऱ्या, आणि फाटकाची दोन्ही दारं आत कंपाउंडच्या भिंतीला टेकवून उभी केलेली, कड्या तारेनं बांधून. ड्रमांतल्या झाडांना मात्र जुन्या जाळीचे पिंजरे केलेले. तरी जास्वंदीचा एक बाजूचा पाला शेळ्यांनी फस्त केलेला दिसतच होता.

काकू ओट्यावरून म्हणाल्या, "सकाळपास्नं खटपट चालली हुती. कुणाचा तरी जॅक आणून उचलली एकेक बाजू. मी म्हटलं, अहो, एवढं चांगलं फाटक! तर म्हणाले, उघडायला मी पुरा पडत न्हाई, मंग ठिवून काय करू? पोरीला थांबायला लागतं."

मला गाडीतच रडू फुटलं. लपवून ठेवत नाही. काकूंनी बघितलं, बघू दे.

मग मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि कुठेही न थांबता सरळ आत नेली. इतक्या वर्षांत कुणी फाटक न उघडता मी पहिल्यांदाच आत गेले.

अण्णा स्वयंपाकघरात होते, माझ्याकडे पाठ. गॅसवर चहा होता. दोन कप मांडलेले. मला त्यांनी ऐकलं नव्हतं, ऐकणं शक्यच नव्हतं. मागून हात लावला तर दचकतील आणि हातावर चहा सांडेल, म्हणून मी दारातच थांबले. चहाला उकळी आली. त्यांनी आलं किसून टाकलं, किसणी धुतली, फडक्याला हात पुसले. मनगटाला वेल्डिंगच्या ठिणगीचा ताजा डाग होता. मान खाली घालून त्यांनी गॅस बारीक केला. बराच वेळ गेला. मी चौकटीला टेकून उभी होते आणि मला अजिबात घाई नव्हती.

मग ते वळले.

"आलीस? कवाची उभी हायस?"

"आत्ताच आले, अण्णा," मी म्हटलं. मोठ्यानं.